छंद म्हणून प्रोग्रामिंग शिकताना पहिली भाषा कशी निवडावी

सोलापुरातल्या संगणक वर्गांच्या पाट्यांवर सी, सी प्लस प्लस, जावा, पायथॉन अशी नावे एका ओळीत रंगवलेली असतात, आणि चौकशीला गेलेल्या माणसाला त्यातले काय घेतले म्हणजे नोकरी मिळेल हे लगेच ऐकवले जाते. ज्याला नोकरी नकोच आहे, म्हणजे निवृत्त शिक्षकाला, दिवसभर यंत्रमागाचा कारखाना सांभाळून रात्री तासभर मोकळा असणाऱ्याला किंवा मुलांच्या परीक्षा संपल्यावर स्वतःसाठी काही शिकू पाहणाऱ्या गृहिणीला या यादीचा काहीच उपयोग होत नाही. हा लेख अशा वाचकांसाठी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांनी पायथॉनपासून सुरुवात करावी, ज्यांना आपले काम दुसऱ्यांच्या मोबाइलवर दिसावे असे वाटते त्यांनी जावास्क्रिप्ट घ्यावी, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांबरोबर बसणार असाल तर स्क्रॅच घ्यावी. मात्र दुसऱ्याच्या मतावर भाषा निवडण्यापेक्षा ती स्वतः पारखून घेणे चांगले, आणि ती पारखण्याची रीत पुढे दिली आहे.

आधी काम ठरवा

एक कोरा कागद घेऊन, संगणकाने आपल्यासाठी काय करावे असे वाटते, त्या तीन गोष्टी लिहाव्यात. ‘ॲप बनवायचे आहे’ असे मोघम लिहू नये. ‘नळाला पाणी येण्याच्या पुढच्या तारखा काढायच्या आहेत’, ‘भिशीत कोणाचे किती जमा झाले ते दाखवायचे आहे’, ‘चादरीवर असते तशी नक्षी पडद्यावर काढायची आहे’ असे नेमके लिहावे. हिशोब, तारखा, याद्या आणि मजकूर यांकडे कल असेल तर पायथॉन सोयीची पडते. पडद्यावर हलणारी चित्रे, बटणे आणि इतरांना दुवा पाठवून दाखवता येतील अशी पाने हवी असतील तर जावास्क्रिप्ट. दिवे, मोटर, तापमान मोजणारे संवेदक अशा वस्तूंशी खेळायचे असेल तर आर्डुइनो नावाचा छोटा बोर्ड मिळतो, पण त्याची भाषा सी प्लस प्लसच्या घरातली आहे आणि त्यात तारा जोडण्याचे शिक्षण वेगळे करावे लागते. म्हणून तो रस्ता दुसऱ्या टप्प्यासाठी ठेवावा.

कधी कधी हा कागद लिहिल्यावर असेही लक्षात येते की आपल्याला प्रोग्रामिंगची गरजच नाही. महिन्याच्या दुधाचा हिशोब एवढेच काम असेल तर एक्सेलसारखी तक्त्याची सोय पुरेशी आहे, आणि तिथे थांबण्यात काही कमीपणा नाही.

हाताशी कोणते यंत्र आहे ते पाहा

घरात बरा लॅपटॉप असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्यावा. जुना, विंडोज ७ वर चालणारा संगणक असेल, तर पायथॉनच्या ३.९ आणि त्यापुढील आवृत्त्या त्यावर चालत नाहीत हे ध्यानात ठेवावे. ३.८ ही त्यावर चालणारी शेवटची मालिका आहे आणि शिकण्यासाठी ती पुरते.

फक्त मोबाइल असेल तरी काम अडत नाही. अँड्रॉइडवर पायड्रॉइड ३ नावाचे ॲप मिळते आणि त्यात पायथॉन चालते. अडचण भाषेची नसते, कळफलकाची असते. कोलन (विसर्गासारखी दोन टिंबे), कंस, अवतरणचिन्ह आणि अधोरेषा ही चिन्हे छोट्या कळफलकावर वारंवार शोधावी लागतात आणि माणूस त्यालाच कंटाळतो. ओटीजी म्हणजे मोबाइलला यूएसबी वस्तू लावण्याच्या छोट्या जोडणीतून साधा यूएसबी कळफलक मोबाइलला लावला की हा त्रास निम्म्याने कमी होतो. गूगलचे कोलॅब हे ब्राउझरमध्येच पायथॉन चालवते, त्यासाठी काही बसवावे लागत नाही. पण चित्रे काढण्यासाठी पायथॉनबरोबर येणारे जे ‘टर्टल’ आहे त्याची वेगळी खिडकी तिथे उघडत नाही.

सोपी भाषा कशाला म्हणावे

इथे थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक सल्ले याच ठिकाणी घसरतात. कमी शब्दांची भाषा ती सोपी, असे वाटणे साहजिक आहे. पण १९८९ साली प्रमाणित झालेल्या सी भाषेत राखीव शब्द, म्हणजे भाषेने स्वतःच्या कामासाठी ठेवलेले शब्द, ३२ आहेत आणि आजच्या पायथॉनमध्ये ३५. या मोजमापाने सी सोपी ठरायला हवी. प्रत्यक्षात पडद्यावर एक ओळ छापण्यासाठी सीमध्ये आधी एक शीर्ष-फाइल जोडावी लागते, मग मुख्य फंक्शन लिहावे लागते, त्याला महिरपी कंस द्यावे लागतात, वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो आणि एवढे झाल्यावर सगळे कंपाइल करावे, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलून घ्यावे लागते. पायथॉनमध्ये ‘प्रिंट’ लिहून कंसात मजकूर दिला की झाले.

तरीही ओळींची संख्या हा खरा निकष नव्हे. चूक झाल्यावर भाषा काय करते, हा खरा निकष आहे, कारण नवशिक्याचा बराचसा वेळ चुका शोधण्यातच जातो. समजा, तुम्ही दहा नावांची यादी केली आणि चुकून अकरावे नाव मागितले. पायथॉन जागच्या जागी थांबते, ओळीचा क्रमांक सांगते आणि यादीच्या बाहेर गेलात असे बजावते. सी भाषा ही तपासणी करतच नाही. स्मृतीत पुढे जे काही पडलेले असेल ते ती उचलून देते, आणि कार्यक्रम (म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्राम) कधी चालतो, कधी कोसळतो, कधी चुकीचे उत्तर देऊनही शांत राहतो. जावास्क्रिप्ट या दोघींच्या मधली आहे. ती ‘अनडिफाइन्ड’ असे उत्तर देऊन पुढे चालू लागते आणि गडबड दहा ओळींनंतर उघडकीस येते.

बेरजेचेही तसेच. अवतरणचिन्हांतला ‘५’ आणि आकडा ३ यांची बेरीज जावास्क्रिप्टला सांगितली तर ती ‘५३’ असे जोडून देते, वजाबाकी सांगितली तर मात्र २ असे बरोबर उत्तर देते. पायथॉन ही बेरीज करायला सरळ नकार देते. सुरुवातीला हा नकार अडवणुकीसारखा वाटतो, पण घरी एकट्याने शिकणाऱ्याला, शेजारी मास्तर नसताना, असाच कडक स्वभाव उपयोगी पडतो.

तिसरी खूण मदतीची. एखादा संदेश समजला नाही तर त्याचा अर्थ किती लवकर सापडतो, हे पाहावे. पायथॉन आणि जावास्क्रिप्ट या दोन्ही भाषांबाबत जवळपास प्रत्येक प्राथमिक अडचणीचे उत्तर आधीच कोणीतरी लिहून ठेवलेले असते. इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की सुरुवातीच्या दोन महिन्यांत राखीव शब्दांपैकी दहा-बारा शब्दांवर काम भागते, आणि ते शब्द वाचता आले म्हणजे पुरे, इंग्रजीत बोलता येण्याची आवश्यकता नाही.

उमेदवार भाषांची ओळख

पायथॉन ही नेदरलँड्समधील गिडो व्हान रोसम यांनी रचलेली भाषा १९९१ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिची तिसरी पिढी २००८ मध्ये आली आणि दुसऱ्या पिढीचा पाठिंबा १ जानेवारी २०२० रोजी संपला. म्हणून जुन्या पुस्तकात ‘प्रिंट’नंतर कंस नसलेले दिसले, तर ते पुस्तक बाजूला ठेवावे. ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा या भाषेत अर्थपूर्ण असते. एखाद्या अटीच्या आत येणाऱ्या ओळी सारख्याच अंतराने आत सरकवाव्या लागतात, आणि चार जागा हा रूढ संकेत आहे.

जावास्क्रिप्ट ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत असताना १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत उभी केली. त्या घाईच्या काही खुणा आजही भाषेत आहेत. तिचा मोठा गुण असा की ती प्रत्येक ब्राउझरमध्ये आधीपासूनच असते. संगणकावर क्रोम उघडून एफ-१२ दाबले आणि कन्सोल निवडले की लगेच लिहिता येते.

स्क्रॅच ही एमआयटीच्या मीडिया लॅबमधून २००७ मध्ये आली. तिच्यात टंकलेखन जवळजवळ नाही, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. मोठ्या माणसांना ती पोरखेळ वाटते, पण लहान मुलांना पहिल्याच बैठकीत मांजर चालवता येते आणि त्यांचा उत्साह टिकतो. मूल तेरा-चौदा वर्षांचे झाले की मात्र त्याला ठोकळ्यांचा कंटाळा येतो.

जावा, सी आणि सी प्लस प्लस यांविषयी एवढेच म्हणेन की त्या चांगल्या भाषा आहेत, पण त्यांचा शिस्तीचा खर्च छंदाच्या वेळात परवडत नाही. अभियांत्रिकीच्या मुलांकडून जुनी पुस्तके फुकट मिळतात म्हणून सी निवडणारे पुष्कळ दिसतात. पुस्तक फुकट मिळणे हे भाषा निवडण्याचे कारण होऊ शकत नाही.

प्रत्यक्ष पारख: एकच काम, दोन भाषा

निवडलेल्या दोन भाषांना प्रत्येकी दोन संध्याकाळी द्याव्यात आणि दोन्हींत एकच छोटे काम करून पाहावे. सोलापूरकरांसाठी मी पाण्याच्या तारखांचे काम सुचवतो. ते रोजच्या गरजेचे आहे, लहान आहे आणि त्यात प्रोग्रामिंगचे बहुतेक मूळ घटक येऊन जातात. मागच्या वेळी पाणी कोणत्या तारखेला आले ते संगणकाने विचारावे, किती दिवसांआड येते ते विचारावे आणि पुढच्या सहा तारखा छापाव्यात.

लिहायला बसण्यापूर्वी कागदावर उदाहरण सोडवावे. पाणी चार दिवसांआड येत असेल, तर मधले चार दिवस कोरडे जातात आणि पाचव्या दिवशी नळ सुटतो. म्हणजे तारखेत ४ नव्हे, ५ मिळवायचे. हा एकाचा फरक कागदावरच सुटला पाहिजे, कोणतीही भाषा तो तुमच्यासाठी सोडवत नाही. आता २७ फेब्रुवारीला पाणी आले असे धरा. २०२७ साली पुढची तारीख ४ मार्च येईल, पण २०२८ हे लीप वर्ष असल्याने ३ मार्च येईल. ही दोन उत्तरे तुमच्या चाचणीची कसोटी.

पायथॉनमध्ये ‘डेटटाइम’ नावाचा तयार संच भाषेबरोबरच येतो. त्यातून वर्ष, महिना, दिवस देऊन तारीख तयार करायची, पाच दिवसांचे अंतर तिच्यात मिळवायचे आणि सहा वेळा हेच करणारे आवर्तन लावायचे, की दहा ओळींच्या आत काम होते. लीप वर्षाची चिंता भाषा स्वतः वाहते. अडखळण्याची एक जागा मात्र ठरलेली आहे. ‘इनपुट’ने घेतलेले उत्तर नेहमी मजकूर असते, आकडा नसतो, त्यामुळे ते ‘इंट’मधून काढून आकडा करून घ्यावे लागते.

जावास्क्रिप्टमध्येही तारखांची सोय आहे आणि महिना ओलांडण्याचे गणित तीही बरोबर करते. फक्त तिथे महिने शून्यापासून मोजतात, जानेवारी म्हणजे ० आणि फेब्रुवारी म्हणजे १. दिवस मात्र एकपासूनच. हे माहीत नसलेल्या माणसाच्या पाण्याच्या तारखा महिनाभर पुढे सरकतात आणि संगणक चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. सी भाषेत याच्या जोडीला वर्षही १९०० पासूनचे अंतर म्हणून लिहावे लागते. स्क्रॅचमध्ये २००० सालापासून किती दिवस झाले ते सांगणारा एक ठोकळा आहे, पण त्या दिवसांची पुन्हा तारीख बनवण्याचा हिशोब स्वतः रचावा लागतो. या कामासाठी ती भाषा नाही हे त्यातूनच कळते.

दोन्ही भाषांत काम झाल्यावर, किंवा अर्धवट राहिल्यावर, स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. अडलो तेव्हा चुकीच्या संदेशावरून जागा सापडली का, दुसऱ्या दिवशी आपलेच लिहिलेले वाचून समजले का, आणि काम झाल्यावर त्यात आणखी काही घालावेसे वाटले का. तिसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. ‘पाण्याच्या आदल्या दिवशी आठवण यावी’ असे ज्या भाषेत काम करताना सुचले, ती भाषा घ्यावी, मग ती वर्गात शिकवतात की नाही याची फिकीर करू नये.

पायथॉन ठरली तर बसवायची कशी

नवशिक्यांनी थॉनी नावाचे संपादक-ॲप बसवावे. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात शिकणाऱ्यांसाठीच ते तयार झाले असून त्यात पायथॉन आधीपासून असते, त्यामुळे वेगळी खटपट लागत नाही. पायथॉनच्या अधिकृत संकेतस्थळावरून थेट बसवायचे असेल, तर विंडोजवर पहिल्याच खिडकीत तळाशी पायथॉनला ‘पाथ’मध्ये, म्हणजे संगणक प्रोग्राम जिथे शोधतो त्या जागांच्या यादीत, जोडण्याची चौकट असते. तिच्यावर खूण करून मगच पुढे जावे, नाहीतर नंतर संगणकाला पायथॉन सापडत नाही आणि घरात ज्याला संगणकाचे कळते त्याची वाट पाहावी लागते. पायथॉन, जावास्क्रिप्ट आणि स्क्रॅच या तिन्ही भाषा विनामूल्य आहेत. ‘पायथॉनची डीव्हीडी’ किंवा ‘परवाना’ म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

चूक आली की लाल अक्षरांचा मोठा मजकूर येतो. तो खालून वर वाचावा. शेवटच्या ओळीत चुकीचा प्रकार असतो आणि तिच्या वर ओळीचा क्रमांक. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या गप्पा-सेवांकडे जायचे झाले तर त्या संदेशाचा अर्थ विचारण्यासाठी जावे. संपूर्ण कार्यक्रम लिहून मागितला तर तो मिळतो, पण मग छंद त्यांचा होतो.

देवनागरीचे काही खास मुद्दे

आपल्या मंडळींना नावे, गावे, याद्या मराठीत हव्या असतात, आणि पायथॉनच्या तिसऱ्या पिढीत ते जमते. एवढेच नव्हे, तर चलांची, म्हणजे आकडा किंवा मजकूर साठवून ठेवणाऱ्या जागांची, नावेही देवनागरीत ठेवता येतात. ‘अंतर’ नावाच्या चलात ५ ठेवले तर भाषेची हरकत नसते. मात्र कार्यक्रमाच्या मजकुरात आकडे इंग्रजी अंकांतच लिहावे लागतात. गंमत अशी की वापरणाऱ्याने ‘इनपुट’मध्ये १२३ असे देवनागरीत टंकले, तर ‘इंट’ ते निमूटपणे आकडा म्हणून स्वीकारते.

अक्षरमोजणीत मात्र सावध राहावे. ‘सोलापूर’ या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ४ नव्हे, ७ येते, कारण काना, मात्रा आणि उकार ही संगणकाच्या दृष्टीने स्वतंत्र चिन्हे आहेत. स, ओकार, ल, काना, प, ऊकार आणि र अशी ती सात होतात. हाच शब्द उलटा करा म्हटले तर ‘रपूलासो’ मिळत नाही. चिन्हे एकेक करून उलटी लागल्याने प्रत्येक स्वरचिन्ह पलीकडच्या अक्षराला चिकटते आणि पडद्यावर ‘रूपालोस’ उमटते. अकारविल्हे यादी लावतानाही ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये येते, ह नंतर नव्हे, त्यामुळे ‘माळी’ हे आडनाव ‘मावळे’च्या आधी लागते.

मराठी मजकूर फाइलमध्ये लिहिताना यूटीएफ-८ हे संकेतन, म्हणजे अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत, स्पष्टपणे नमूद करावे, कारण विंडोजवर तसे न केल्यास बहुधा चूक येते. जावास्क्रिप्टसाठी पान बनवताना त्याच्या शीर्षभागातही हेच संकेतन लिहावे, नाहीतर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात.

पाण्यानंतरचे काम: चादरीची नक्षी

पाण्याच्या तारखा जमल्या की दुसऱ्या महिन्यासाठी नक्षीचे काम घ्यावे. सोलापुरी चादर ज्या जॅकार्ड मागावर विणतात, त्याची कल्पना फ्रान्समधील जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते आणि भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. म्हणजे नक्षीतील प्रत्येक जागेसाठी एकच निर्णय, हो किंवा नाही. पुढे हर्मन हॉलरिथ यांनी अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी अशाच भोकांच्या कार्डांवर माहिती नोंदवली.

पडद्यावर तेच करायचे. एक आवर्तन ओळींसाठी आणि त्याच्या आत दुसरे रकान्यांसाठी लावावे, दोन्हींचे मोजमाप शून्यापासून करावे. ओळीचा क्रमांक आणि रकान्याचा क्रमांक प्रत्येकी ८ ने भागून बाकी घ्यावी, प्रत्येक बाकीतून ४ वजा करावेत आणि उणे चिन्ह सोडून दोन्हींची बेरीज करावी. बेरीज बरोबर ४ आली तर तारका छापावी, नाहीतर मोकळी जागा. सतरा ओळी आणि तेहतीस रकाने घेतले, तर टोकाला टोक लागलेल्या शंकरपाळ्यांच्या दोन रांगा दिसतात, प्रत्येकीत चार. बेरीज ४ ऐवजी २ किंवा ४ अशी अट केली की प्रत्येक शंकरपाळ्याच्या आत आणखी एक छोटा उमटतो. आवर्तनात आवर्तन, अट आणि भागाकाराची बाकी हे तीन विषय पुस्तकात कोरडे वाटतात, इथे ते अर्ध्या तासात अंगवळणी पडतात. रंग हवे असतील तर तारकांऐवजी ‘टर्टल’ वापरून छोटे चौकोन भरावेत. पडद्यावर फिरणाऱ्या या कासवाची परंपरा १९६७ साली मुलांसाठी तयार झालेल्या लोगो या भाषेपर्यंत मागे जाते.

भाषा कधी बदलावी

पहिले सहा महिने बदलू नये. त्यानंतरही नव्या भाषेची चर्चा ऐकून बदलू नये, जुन्या भाषेत एखादे काम खरोखर अडले तर बदलावी. पाण्याच्या तारखा आता वाड्यातल्या सगळ्यांना आपापल्या मोबाइलवर पाहायच्या आहेत, अशी मागणी आली, तर तीच तारखांची मांडणी जावास्क्रिप्टमध्ये नेऊन एका पानावर ठेवणे हे योग्य कारण झाले. तेव्हा तर्क नव्याने करावा लागत नाही. कंस, अर्धविराम आणि शून्यापासून मोजलेले महिने एवढ्यांचीच सवय करून घ्यावी लागते.